खिडकीनाना

नोव्हेंबर लागला की आमच्या मांडवगण फराट्याच्या पंचक्रोशीत दोन गोष्टी एकदम पेटतात. एक साखर कारखान्यांचे बॉयलर आणि दुसरे नाना. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ते अडतात, टोळ्यांच्या कोप्या पडतात, आणि एके दिवशी सकाळी नाना स्टँडसमोरच्या हॉटेलात शिरतात, टोपी काढून बाकावर आपटतात आणि जाहीर करतात, "खिडकी उघडली!"

पहिल्या वर्षी गल्ल्यावरच्या माणसानं दचकून मागं पाहिलं होतं. हॉटेलला खिडकीच नव्हती. नाना बोलत होते आयपीएलच्या ट्रेड विंडोबद्दल. सामने नसण्याच्या दिवसांत संघ आपापसांत खेळाडू देतात-घेतात, त्या मुदतीला विंडो म्हणतात. तेव्हापासून गावानं त्यांचं नाव खिडकीनाना पाडलं. नानांना राग नाही. ते म्हणतात, "दारानं समदेच येत्यात."

नानांनी उभ्या आयुष्यात बॅट हातात धरली ती एकदा, तीही नातवाच्या हातून काढून घ्यायला. पण पंधरा नोव्हेंबर 2025 च्या सकाळी चेन्नईनं रवींद्र जडेजा आणि सॅम करन राजस्थानला देऊन संजू सॅमसन घेतला, तेव्हा शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत त्यावर पहिलं मत नानांचं पडलं.

"जोडी दिऊन एकटा आणला. बरं, जडेजाचे अठराचे चौदा कोटी झाले. बाजार बदलला की भाव बदलतो. काष्टीच्या बैलबाजाराला गेलायस का कधी?"

मी पुण्यात नोकरीला. शनिवार-रविवारी गावी येतो आणि शहाण्यासारखं बोलायचा प्रयत्न करतो. म्हणालो, "नाना, ती माणसं आहेत. तुम्ही बैलांसारखं काय बोलताय?"

"मग? माणसाला भाव नसतो व्हय? मुकादमाला इचार. उचल घेतली की त्या हंगामाला तो कोयता त्या कारखान्याचा. हितं उचल लाखात, तिथं कोटीत. तिथल्या मुकादमाला एजंट म्हणत्यात, एवढाच फरक."

यावर मी चहा मागवला. नानांशी वादात हरल्यावर मी चहाच मागवतो.

नानांचा संघ कोणता, हे कुणालाच ठाऊक नाही. त्याला कारण आहे. पुण्याला आयपीएलनं दोनदा संघ दिला आणि दोनदा काढून घेतला. पहिला 2011 ला आला, 2013 ला गेला. दुसरा 2016 ला आला. 2017 ला त्यानं बेन स्टोक्सला साडेचौदा कोटी मोजले, हैदराबादला अंतिम सामन्यात धडक मारली, मुंबईकडून एका धावेनं हरला आणि नंतर कायमचा मिटला. नाना तेव्हापासून मोकळे. "ज्याचं घर मोडलं त्याला समदी गल्ली आपलीच," म्हणतात. दहाही संघांचं ते सारख्याच तळमळीनं वाटोळं करतात.

त्यांचा जीव खरा अडकतो वेगवान गोलंदाजांत. फलंदाजाचं त्यांना कौतुक नाही. तो म्हणजे कांदा, आज वर, उद्या खाली. गोलंदाज म्हणजे ऊस. आणि उसातलं नानांना सगळं कळतं. नुसता वेग असलेला गोलंदाज हा दोनशे पासष्ट जातीचा. वजन दांडगं, टनेज पडतं, पण साखर उतारा मागायचा नाही. वेग बेताचा पण टप्पा नेमका, तो शहाऐंशी बत्तीस. कारखान्याचा लाडका. विशीच्या आतल्या पोराला चार षटकांत टीव्हीनं डोक्यावर घेतलं, की नाना हळहळतात, "तुरा आला. आता वजन घटणार." मिचेल स्टार्कला कोलकात्यानं डिसेंबर 2023 मध्ये पावणेपंचवीस कोटींना घेतलं, त्यानं अंतिम सामना जिंकून दिला, आणि पुढच्याच लिलावात तो पावणेबारा कोटींना दिल्लीला गेला. नाना म्हणाले, "लागणीला उतारा दिला की झालं. खोडव्याला पाणी कोण दितं?"

पालघरचा शार्दूल ठाकूर तर त्यांना घरचाच वाटतो. तीनदा अदलाबदलीत गेलेला गडी. पंजाबकडून पुण्याला, दिल्लीकडून कोलकात्याला, लखनौकडून मुंबईला. "लोकलचा माणूस," नाना अभिमानानं सांगतात. "पालघरपास्नं उभ्यानं आलेला हाय. त्याला कुठंबी चढवा, जागा करून घेतो." तुळजापूरच्या राजवर्धन हंगरगेकरला 2022 ला चेन्नईनं दीड कोटी मोजले, तेव्हा त्यांनी हॉटेलात सगळ्यांना भजी सांगितली होती. आणि झहीर खान श्रीरामपूरचा, म्हणजे घोड नदी ओलांडून नगर जिल्ह्यातला, हे ते अशा सुरात सांगतात की नदीला थोडं वळण असतं तर तो आपलाच होता.

मध्यंतरी त्यांच्या हाती एक नवं प्रकरण लागलं. 2008 ला अमेरिकेतला एक खेळाडूंचा एजंट भारतात आला होता. बेसबॉलला चेंडू फेकणारे हात शोधायला. 'मिलियन डॉलर आर्म' नावाची स्पर्धा घेतली. उत्तर प्रदेशातली भाला फेकणारी दोन पोरं निघाली, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. बेसबॉल कशाशी खातात हे ठाऊक नसलेल्या त्या दोघांना पिट्सबर्गच्या संघानं करारावर घेतलं. 2014 ला त्यावर सिनेमा आला. रिंकू पुढं तिकडच्या कुस्तीत वीर महान नाव घेऊन उतरला.

"पाच षटकार मारणारा?" हॉटेलवाल्यानं विचारलं.

"तो येगळा रिंकू. एक रिंकू फेकतो, एक रिंकू मारतो. दोघं एका संघात पायजे व्हते." मग नानांचा आवाज उतरला. "पण मला सांग, तो अमेरिकेचा माणूस हितं का नाय आला? ज्वारीत माळ्यावर हुबं राहून गोफण फिरवणारे हात हितं काय कमी व्हते? आमचा म्हातारा बांधावरनं बोलून पाखरू पाडायचा. कुठलं पाखरू ते आधी सांगायचा. त्याला कुणी करारावर घेतला?"

हॉटेलात क्षणभर कुणी काही बोललं नाही. नानांचे वडील गोफण मारताना बघितलेला एक जण कोपऱ्यात बसला होता. तो म्हणाला, "आमचं कौल त्यांनीच फोडलं व्हतं." पण नानांनी ते कानाआड केलं.

तेव्हापासून नानांनी गावात शोधमोहीम काढली. ऊस तुटून गेलेल्या रानात पोरं टेपबॉलनं खेळतात, तिथं ते बांधावर उकिडवे बसायला लागले. वाडीवरचं एक चौदा वर्षांचं पोरगं त्यांच्या नजरेत भरलं. मी होतो तेव्हा. पोरगं पायात एक चप्पल आणि एक बूट घालून पळत आलं, चेंडू टाकला, स्टंपाऐवजी उभी केलेली उसाची टिपरी उडाली. नानांनी त्याला जवळ बोलावलं. आधी टाच बघितली. मग खांदा दाबला. मनगट उलटसुलट केलं. मग म्हणाले, "आ कर."

पोरानं मुकाट्यानं तोंड उघडलं. नानांनी डोळे बारीक करून आत पाहिलं.

"नाना, दात कशाला?"

"आदत हाय अजून," ते समाधानानं म्हणाले. "दुसा नाय, चौसा नाय. आडसाली लागण समजायची. अठरा महिनं कुणी कोयता लावायचा नाय." मग पोराला म्हणाले, "रोज सांजच्याला तांब्या घिऊन गोठ्यावर यायचं. लिटरभर दूध न्यायचं."

"पैसे?"

"उचल म्हणून धर."

या तयारीच्या जोरावर गावच्या पोरांनी गेल्या वर्षी त्यांना आपल्या प्रीमियर लीगमध्ये एका संघाचं मालक केलं. शाळेच्या पटांगणात लिलाव झाला. प्रत्येक मालकाला ठरावीक पॉइंट. नानांनी डायरी उघडली आणि एकामागून एक नऊ वेगवान गोलंदाज घेतले, त्यांतले सहा अजून नीट मिसरूड न फुटलेले. पॉइंट संपले तेव्हा यष्टिरक्षक नसल्याचं ध्यानात आलं. चारही सामने हरले. एकात तर वाइडच्या धावा प्रतिस्पर्ध्यांच्या बॅटीच्या धावांपेक्षा जास्त झाल्या. बक्षीस समारंभात नानांनी माईक मागून घेतला आणि शांतपणे सांगितलं, "यंदा लागण केलीय. तोडणी पुढच्या साली."

गंमत म्हणजे मार्चअखेर खरे सामने सुरू झाले की नाना दिसेनासे होतात. साडेसातला हॉटेलातल्या टीव्हीसमोर अख्खा गाव, आणि ज्याला प्रत्येकाचा भाव पाठ तो गायब. मला वाटायचं, गृहस्थाला खेळात रसच नाही, सगळी मजा बाजाराची. एकदा मी तसं तोंडावर बोललो. नाना हसले. "पुढल्या रविवारी मुक्कामाला थांब. दारं धरायला चल."

थांबलो. ते जानेवारीचे दिवस. शेतीची लाइट त्या आठवड्यात रात्रीची होती. साडेअकराला मोटर चालू केली आणि आम्ही नदीकडच्या फडात गेलो. डोक्यावरून दीड पुरुष उंच ऊस, पायाखाली गार चिखल, आणि फोनला रेंजची एक काडी. मी सवयीनं सामन्याच्या क्षणचित्रांचा व्हिडिओ लावला. ते गोल चाक फिरत राहिलं. नाना म्हणाले, "त्ये नाय लागत हितं. कितीबी बस. ओळभर बातमी तेवढी येती." आणि त्यांनी आपला फोन दाखवला. कोण कुठून कुठं गेला, कितीला गेला, त्याची यादी. अक्षरांना एक काडी पुरते.

त्यांनी खोऱ्यानं वाफ्याचं दारं मोडलं, पाणी पुढच्या सरीत घेतलं. तेवढ्यात फडात काहीतरी सळसळलं. आमच्याकडे आता रात्रीच्या सळसळीला लोक वारा समजत नाहीत. बिबट्या उसात राहतो, उसातच वितो. रानात जाणारा माणूस काठी, बॅटरी आणि आवाज घेऊन जातो. कुणी फोनवर गाणी लावतो, कुणी भजन म्हणतो. नानांनी बॅटरी फडाच्या तोंडावर धरली, छाती भरून घेतली आणि ओरडले,

"सॅमसन! अठरा कोटी! चेन्नई!"

सळसळ थांबली.

"ग्रीन! पंचवीस कोटी वीस लाख! कोलकाता!" काठी त्यांनी पाइपावर आपटली. "शमी! धा कोटी! लखनौ! शार्दूल! दोन कोटी! मुंबई!"

आवाज नदीपर्यंत जाऊन परत येत होता. पलीकडच्या तीरावरून, दौंडच्या बाजूनं, कुठलं तरी कुत्रं भुंकून साथ देत होतं. मग पुन्हा सळसळलं, या वेळी माझ्या बाजूला.

"बघतोस काय? म्हण की!" नाना खेकसले.

माझ्या तोंडाला कोरड पडली होती. इंग्रजी माध्यमात शिकलेलं एकही वाक्य आठवेना. आठवलं ते एवढंच, आणि जीव खाऊन ओरडलो,

"पथिराना! तेरा कोटी! चेन्नई!"

अंधारात नानांचा खोरं ओढायचा आवाज थांबला.

"चेन्नईनं सोडला त्याला," ते म्हणाले. "कोलकात्यानं अठराला नेला डिसेंबरात. जुनी यादी म्हणू नगं. रोज ऐकतोय तो, त्याला कळंल."