डूम विकत घ्या, मग त्यातला डूम काढून टाका: नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

साहित्य: कॉम्प्युटर एक, जुना असला तरी चालेल. 'डूम' या खेळाची रीतसर विकत घेतलेली प्रत एक. शनिवारची रात्र एक. जेवण आधीच उरकून घ्यावं, कारण एकदा कृती सुरू झाली की हाक मारणाऱ्याला "आलोच" याखेरीज काही ऐकायला मिळत नाही.

टोटल कन्व्हर्जन म्हणजे एखाद्या खेळातल्या भिंती, राक्षस, बंदुका, आवाज, संगीत, मेनूवरची अक्षरं असं सगळं उपटून काढायचं आणि त्या जागी आपलं बसवायचं. मागे उरतं ते फक्त इंजिन. हे काम वर्षानुवर्षं करायचं आणि संपलंच तर फुकट वाटून टाकायचं. नेमबाजीच्या बऱ्याच खेळांना हे वेड लागलं, पण १९९३ च्या डिसेंबरात आलेल्या डूमला लागलं तसं क्वचितच कुणाला लागलं असेल. त्यात दोष खेळ लिहिणाऱ्यांचाच. टेक्सासच्या इड सॉफ्टवेअरनं आदल्या वर्षी 'वुल्फेन्स्टाईन थ्रीडी' काढला होता आणि लोकांनी त्याच्या फाइली फोडून आत भलतीसलती चित्रं घातली होती. दुसरी एखादी कंपनी वकिलाकडे गेली असती. जॉन कारमॅकनं पुढच्या खेळात फोडाफोडीची गरजच ठेवली नाही: इंजिन एका फाइलीत, आणि नकाशे, चित्रं, आवाज हा सगळा ऐवज दुसऱ्या फाइलीत. या दुसऱ्या फाइलीला वॅड म्हणतात. ती बदला, खेळ बदलला.

पायरी पहिली: डूम विकत घ्या

जो खेळ खेळायचाच नाही तो विकत कशाला घ्यायचा, हा प्रश्न नवशिक्याला पडतो. पडू द्या. चाहत्यांनी बदलून बनवलेल्या खेळात, म्हणजे मोडमध्ये, सगळं नवं असलं तरी इंजिन सुरू होताना आधी मूळ वॅड मागतं. पुन्हा इडची तेव्हाची अटही होती, की चाहत्यांनी बनवलेले नकाशे डूमच्या फुकट वाटलेल्या भागावर चालता कामा नयेत. म्हणजे ज्याला डूम पुसून टाकायचाय त्यानं तरी त्याचे पैसे भरलेले असावेत. अट वाजवी आहे. पुण्या-मुंबईतल्या माझ्या पिढीनं ती कितपत पाळली हा विषय इथे काढण्याचं कारण नाही. आता डूम स्वस्तात मिळतो, तेव्हा मुकाट्यानं घ्या.

पायरी दुसरी: पोर्ट निवडा

इडनं १९९७ च्या डिसेंबरात डूमचा सोर्स कोड खुला केला. तेव्हापासून लोकांनी त्यावरून नवी इंजिनं बांधली, त्यांना पोर्ट म्हणतात. नव्या मोडसाठी जीझेडडूम, जुन्या मोडचा जुना अनुभव हवा असेल तर चॉकलेट डूम. यापुढची चौकशी करू नये. दोन जाणकारांना एकाच खोलीत हा प्रश्न विचारलात, तर शनिवारची रात्र तिथेच संपेल.

पायरी तिसरी: टेक्स्ट फाइल वाचा

ही पायरी सगळे गाळतात, आणि नंतर डोकं धरून बसतात.

प्रत्येक मोडसोबत एक साधी टेक्स्ट फाइल येते. तिचा साचा नव्वदच्या दशकात ठरला आणि बराचसा तसाच राहिला. नाव, लेखक, वर्णन, वापरलेले एडिटर, बांधणीला लागलेला वेळ, ज्ञात दोष, आभार. नमुन्याच्या कोऱ्या अर्जासारखी दिसते, पण वाचायला शिकलात तर त्यात अख्खा माणूस सापडतो. 'बांधणीला लागलेला वेळ' या रकान्यात आकडा असेल तर मोड साधारण आहे. "खूप" असं असेल तर चांगला आहे. "विचारू नका" असं असेल तर सगळी कामं बाजूला ठेवून तो खेळा. 'ज्ञात दोष: नाहीत' याचा अर्थ मित्रांना खेळायला दिलाच नाही. 'ज्ञात दोष' मध्ये सतरा ओळी असतील, तर माणूस विश्वासाचा.

जुन्या फाइलींत एक सूचना हमखास दिसते: मूळ वॅडची प्रत आधी बाजूला काढून ठेवा. ती गंमत म्हणून लिहिलेली नाही. १९९४ चा डूम दुसऱ्या वॅडमधून नकाशे उचलायचा, पण राक्षसांची चित्रं उचलताना गडबडायचा. मग मोडसोबत एक छोटा प्रोग्राम यायचा, आणि तो नवी चित्रं तुमच्या विकत घेतलेल्या फाइलीतच शिवून टाकायचा. प्रत ठेवली नसेल तर मूळ डूम कायमचा गेला. टोटल कन्व्हर्जन हे नाव तेव्हा अक्षरशः खरं होतं.

पायरी चौथी: 'एलियन्स टीसी'पासून सुरुवात करा

बरेच लोक सांगतील की जुन्यात काय ठेवलंय, नवे मोड खेळा. ऐकू नका. जस्टिन फिशर यांनी १९९४ मध्ये काढलेला 'एलियन्स टीसी' (टीसी म्हणजे टोटल कन्व्हर्जन) हा डूमचा पहिला टोटल कन्व्हर्जन म्हणून ओळखला जातो, आणि या प्रकारात नेमकं काय करता येतं हे त्याच्या पहिल्याच पातळीत दिसतं.

कृती अशी. हेडफोन लावा, दिवा मालवा, खेळ सुरू करा. जेम्स कॅमेरॉनच्या १९८६ च्या चित्रपटातल्या वसाहतीत तुम्ही उभे आहात. हातात बंदूक आहे. डूमची सवय असलेला माणूस इथे दोन सेकंदांत गोळी झाडायच्या तयारीत असतो, कारण डूम कुणाला ताटकळत ठेवत नाही. पुढे चला. कुणी नाही. कोपरा वळा, आधी बंदूक, मग आपण. कुणी नाही. दार उघडतं, खोली रिकामी. आणखी एक दार, आणखी एक रिकामी खोली. आता तुम्हाला वाटू लागेल की खेळ बिघडलाय, किंवा टेक्स्ट फाइल नीट वाचली नाही. मग वाटेल की मागे कुणीतरी आहे. वळून बघाल. कुणी नाही. अशीच ती पातळी संपते. एकही शत्रू नाही, एकही गोळी नाही, आणि तळहाताला घाम.

या इंजिनाला संवाद दाखवता येत नव्हते, कॅमेरा हलवता येत नव्हता, एका खोलीवर दुसरी खोलीही बांधता येत नव्हती. फिशर यांनी जे हातात होतं तेच वापरलं: खेळणाऱ्याची सवय. शत्रू न ठेवणं हे एडिटरमधलं सगळ्यात सोपं काम आहे आणि आजही कुणाला ते जमत नाही.

पायरी पाचवी: मेकअपखालची माणसं ओळखा

इथून तुम्ही नवशिके राहत नाही, म्हणजे निदान तसं बोलू लागता.

सोर्स कोड खुला व्हायच्या आधी मोड बनवणाऱ्याला नवा राक्षस जन्माला घालता येत नव्हता. डीहॅकएड नावाच्या साधनानं मूळ प्रोग्रामच्या पोटातले आकडे बदलता यायचे: याचा वेग वाढव, त्याचं आयुष्य कमी कर. पडद्यावरचं वाक्यही बदलता यायचं, फक्त नवं वाक्य जुन्याच्या जागेत मावलं पाहिजे. बाकी मंडळी तीच. छोट्या नाटक कंपनीत कसं, पहिल्या अंकात हवालदार झालेलाच तिसऱ्या अंकात दाढी लावून साधू होऊन येतो आणि चालीवरून प्रेक्षक त्याला ओळखतात, तसंच हे.

तर चाल बघा. दुरून गोळा फेकतो आणि जवळ गेलं की ओरबाडतो? त्याला कुठलाही वेश चढवला असो, तो मूळचा इंप. नाकासमोर धावत येऊन चावतो? पिंकी. कुत्रा मारलात आणि त्याच्या शेजारी काडतुसं सापडली? पूर्वजन्मी तो शिपाई होता. कोण मेल्यावर काय टाकतो हे मूळ प्रोग्राममध्ये पक्कं लिहिलेलं होतं आणि डीहॅकएडचा हात तिथवर पोचत नव्हता. मोडकर्त्यानं महिनाभर खपून कुत्रा रंगवलेला असतो आणि मरताना तो काडतुसं टाकून जातो.

भांडणंही वारशानं येतात. डूममध्ये एका राक्षसाचा नेम चुकून दुसऱ्याला लागला, की तो दुसरा तुम्हाला विसरून पहिल्यावर उलटतो. मोडमध्ये त्यांचे गणवेश बदलले, बाजू बदलली, तरी ही खोड जात नाही. आणि खात्रीच करायची असेल तर कीबोर्डवर आयडीडीक्यूडी टाइप करा. बहुतेक मोडमध्ये अजूनही अमरत्व मिळतं. गृहपाठ म्हणून हरकत नाही, लोकांसमोर करू नये.

पायरी सहावी: न्याहारी

'चेक्स क्वेस्ट' हा १९९६ चा मोड अमेरिकेत चेक्स नावाच्या न्याहारीच्या खोक्यातून फुकट मिळायचा. आत डूमचंच इंजिन. पण मुलांच्या खोक्यात रक्त चालायचं नाही, म्हणून बंदुकीच्या जागी झॉर्चर, आणि शत्रू मरत नाहीत. हिरव्या चिकट फ्लेमॉइडांना झॉर्चर त्यांच्या घरी पाठवून देतो. कंपनीनं काढलेला म्हणून कट्टर लोक याला टोटल कन्व्हर्जनच्या यादीत घेत नाहीत. मी घेतो. त्याचे चाहते इतकी वर्षं टिकले, की मूळ कलादिग्दर्शक चार्ल्स जॅकोबी यांनी २००८ मध्ये 'चेक्स क्वेस्ट ३' काढून फुकट वाटला.

पायरी सातवी: दुसऱ्याचा माल

चाहत्याला स्वतःचं विश्व सुचण्याआधी दुसऱ्याचं सुचतं. 'बॅटमॅन डूम' १९९९ मध्ये आला. बनवणारी चिलीची एस टीम. परवानगीचं नाव नाही, पण मेहनत अशी की पोटातला डूम शोधायला पाचव्या पायरीचा अभ्यास लागतो. हीच मंडळी पुढे व्यवसायात उतरली आणि २००९ मध्ये त्यांचा स्वतःचा 'झेनो क्लॅश' आला. सगळ्यांचं असं गोड झालं नाही. 'क्वेक' या खेळावर एलियन चित्रपटांचा मोड करणाऱ्यांना १९९७ मध्ये फॉक्स या चित्रपट कंपनीनं काम थांबवायला लावलं, आणि तेव्हापासून कुणाचा मोड वकिलांनी बंद पाडला की तो 'फॉक्स' झाला असं मोडवाले म्हणू लागले. फिशर यांचा मोड मात्र सुखरूप राहिला.

पायरी आठवी: हे डूमच आहे का?

'सॉनिक रोबो ब्लास्ट २' खेळा. निळा हेजहॉग टेकड्यांवरून धावतो, उड्या मारतो, कड्या गोळा करतो. बंदूक नाही, रक्त नाही. खाली डूम. १९९८ पासून हे काम चालू आहे, २.२ ही आवृत्ती २०१९ च्या डिसेंबरात आली. याच्यावरूनच पुढे गाड्यांच्या शर्यतीचा वेगळा खेळ निघाला, म्हणजे टोटल कन्व्हर्जनचंही कन्व्हर्जन झालं. याला मूळ वॅडही लागत नाही. (पहिल्या पायरीचे पैसे परत मिळणार नाहीत.)

त्याच्या अगदी उलट टोकाला 'फ्रीडूम'. २००१ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात डूममधली प्रत्येक चीज काढून त्या जागी नवी बसवलेली आहे: नवी भिंत, नवा राक्षस, नवा आवाज, सगळं परवान्यानं मोकळं. आणि एवढा खटाटोप करून मिळालं काय? डूमच. ज्यांच्याकडे मूळ फाइल नाही त्यांनाही बाकीचे मोड खेळता यावेत, म्हणून जवळजवळ त्याच मापाचा दुसरा डूम. या सगळ्या यादीत मला आदर वाटतो तो या मंडळींचा. बाकीच्यांनी काहीतरी वेगळं दिसावं म्हणून राबराब राबून चित्रं काढली; यांनी वेगळं न वाटावं म्हणून काढली.

पायरी नववी: तक्रार करा

'टोटल केऑस' (२०१८) चालवा. ओसाड बेट, खाण कामगारांची पडकी वस्ती, गंज, धुकं. जीझेडडूमवर चालतो, पण आधी सांगितलं नाही तर कुणाला पटणार नाही. अर्धा तास तोंडात बोट घालून बघा. मग म्हणा, "छान आहे, पण यात डूम उरलाच नाही." हे वाक्य जमलं की नवशिकेपण संपलं.

पायरी दहावी: स्वतःचा मोड

शेवटी हे होतंच. राक्षस काढायला बसाल. तो चालताना चार चित्रं लागतात, आणि प्रत्येक चित्र पाच बाजूंनी काढावं लागतं (उरलेल्या तीन बाजू आरशासारख्या उलटवून मिळतात). म्हणजे वीस चित्रं, आणि अजून त्यानं नुसतं चालायलाच सुरुवात केलीये. हल्ला, कळवळणं, मरणं शिल्लक. रंग एकूण २५६, तेही ठरलेले. त्यात तपकिरी भरपूर आणि जांभळा जवळजवळ नाही. प्रत्येक चित्राचं नाव आठ अक्षरांत बसवायचं. नकाशा म्हणून पहिल्यांदा प्रत्येक जण आपलंच घर काढतो. तुम्हीही काढा, पण दुसरा मजला विसरा, मूळ डूमला तो येत नाही.

मग मोड जाहीर करा. नमुना खाली दिला आहे, नाव बदलून वापरावा:

"नमस्कार मंडळी. पूर्णपणे नवा टोटल कन्व्हर्जन, ३२ पातळ्या, सगळी चित्रं नवी, सगळे आवाज नवे. काम जवळपास झालंय. पहिली पातळी तयार आहे, दुसरीचं दार उघडत नाहीये एवढंच. सोबत तीन चित्रं जोडली आहेत. मदतीला हवेत: चित्रकार, संगीतकार, नकाशे बनवणारे, आणि प्रोग्रामिंग येणारा एक जण. कथा आणि दिग्दर्शन माझं. येत्या दिवाळीपर्यंत नक्की."