दार उघडा, प्रेक्षक आहेतच

अमेरिकेत फुटबॉल रुजतच नाही, असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. तिथल्या लोकांना बेसबॉल, बास्केटबॉल आणि हेल्मेट घालून खेळायचा त्यांचा तो फुटबॉल लागतो, नव्वद मिनिटं बसून शून्य-शून्य बघायला त्यांना धीर कुठला, हे पालुपद कित्येक वर्षं ऐकतोय. ते साफ खोटं आहे.

आकडे बघा. १९७७ साली पेलेच्या न्यूयॉर्क कॉसमॉसला बघायला न्यू जर्सीच्या जायंट्स स्टेडियममध्ये ७७ हजार ६९१ माणसं लोटली होती. १९९४चा वर्ल्ड कप अमेरिकेत झाला, तेव्हा ५२ सामन्यांना ३५ लाखांहून जास्त प्रेक्षक आले. पुढच्या सात वर्ल्ड कपमध्ये सामने ६४ झाले, तरी २०२२पर्यंत कोणाला हा आकडा गाठता आला नाही. १९९९ साली रोझ बोलमध्ये बायकांच्या वर्ल्ड कपची फायनल ९० हजार लोकांनी बघितली. प्रेक्षक नाहीत म्हणणाऱ्याने हे एकदा वाचावं आणि मग तोंड उघडावं.

पण खापर नेहमी प्रेक्षकांवरच फुटलं. १९९६ साली मेजर लीग सॉकर सुरू झाली तेव्हा चालकांनी ठरवून टाकलं, की अमेरिकन माणसाला बरोबरी पचत नाही. म्हणून बरोबरीत सुटलेल्या सामन्यात खेळाडूने गोलपासून ३५ यार्डांवरून चेंडू घेऊन धावायचं आणि पाच सेकंदांत गोलकीपरला चकवायचं, असा प्रकार आणला. घड्याळही उलटं चालवलं. खऱ्या शौकिनाला ते रुचलं नाही आणि नवा प्रेक्षकही त्यासाठी धावला नाही. १९९९च्या हंगामानंतर दोन्ही गोष्टी गुंडाळल्या. खेळात खोट नव्हतीच.

खोट दारात आहे. युरोपात, दक्षिण अमेरिकेत खालच्या फळीतला क्लब जिंकत जिंकत वर चढतो आणि वरचा हरत हरत खाली येतो. मेजर लीग सॉकरमध्ये चढण नाही आणि घसरणही नाही. आत यायचं तर मालकाने पैसे मोजायचे. २००७ साली उतरलेल्या टोरांटोने १ कोटी डॉलर मोजले. २०२५मध्ये आलेल्या सॅन दिएगोने ५० कोटी. शेवटून पहिला आलेला संघ पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच हजर. मग तळाच्या दोन संघांचा ऑक्टोबरमधला सामना कोणी जीव मुठीत धरून का बघावा?

सॅक्रामेंटोचं काय झालं बघा. रिपब्लिक एफसी हा कॅलिफोर्नियाच्या राजधानीचा दुसऱ्या फळीतला क्लब. २०१९ साली त्याला लीगमध्ये जागा जाहीर झाली. २०२१मध्ये मुख्य गुंतवणूकदाराने अंग काढून घेतलं आणि जागा गेली. २०२२ साली याच संघाने यूएस ओपन कपमध्ये सॅन होजे आणि एलए गॅलक्सी या मेजर लीगच्या दोन संघांना पाणी पाजलं. उपांत्य फेरीत स्पोर्टिंग कॅन्सस सिटीला पेनल्टीपर्यंत रोखलं. शेवटची पेनल्टी कर्णधार रॉड्रिगो लोपेझची. त्याने गोलकीपरला झेपावू दिलं आणि चेंडू अलगद मधोमध उचलून टाकला. अख्खं मैदान उसळलं. फायनल ते ओर्लँडोकडून हरले, पण लीगच्या तीन संघांना घरी पाठवून आले होते. तरी वरच्या लीगचं दार बंद ते बंदच.

यावर लीगने काय करावं? लहान क्लबला थोरल्यांशी भिडायची संधी देणारी यूएस ओपन कप ही स्पर्धा १९१४पासून चालू आहे. डिसेंबर २०२३मध्ये लीगने तिच्यातून आपले मुख्य संघच काढून घ्यायचं ठरवलं. फेडरेशनने नकार दिला, तरी २०२४मध्ये लीगचे जेमतेम आठ मुख्य संघ उतरले. याला मी भित्रेपणा म्हणतो.

हीच पैशाची आडकाठी पोरांच्या वाटेतही आहे. चांगल्या क्लबात मूल घालायचं तर वर्षाला हजारो डॉलर फी, शिवाय प्रवास आणि हॉटेलचा खर्च वेगळा. ज्या घरात फुटबॉल रक्तात आहे, त्या मेक्सिकन आणि मध्य अमेरिकन मजुरांच्या पोरांना हे कुठून परवडणार? उलट मुलींचं बघा. १९७२च्या टायटल नाइन कायद्याने शाळा-कॉलेजात त्यांना खेळाचा समान हक्क दिला. दार उघडलं आणि त्यांनी चार वर्ल्ड कप आणले. पुरुषांची १९३०नंतरची सर्वोत्तम मजल म्हणजे २००२ची उपांत्यपूर्व फेरी.

लीगचे मालक म्हणतात, पेले खेळला ती जुनी लीग १९८४च्या हंगामानंतर बुडाली, आम्ही पैसा ओतून हा खेळ जगवला. मान्य आहे. पडत्या काळात कुंपण लागतं. पण आज लीगमध्ये तीस संघ आहेत आणि मेस्सी मायामीत खेळतो. आता कुंपणाची गरज खेळाला नाही, मालकांच्या गुंतवणुकीला आहे.

आपण गोव्यात अशाच बंद दाराची किंमत मोजली आहे. २०१६मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग आणि पाच वेळा देशाचं विजेतेपद मिळवलेला धेंपो आय-लीगमधून बाहेर पडले, कारण नव्या आराखड्यात जिंकूनही इंडियन सुपर लीगमध्ये जाण्याची वाट नव्हती. ज्या गोव्याला फुटबॉलचं वेड आहे, त्याच्या नावाजलेल्या क्लबांवर ही पाळी आली.

अमेरिकेत निदान हालचाल सुरू झाली आहे. मार्च २०२५मध्ये यूएसएल या दुसऱ्या संघटनेच्या क्लबमालकांनी आपल्या स्पर्धांत चढण-घसरण आणायला मतदानाने मंजुरी दिली. मेजर लीगने हे धाडस दाखवेपर्यंत तिला मी पहिल्या दर्जाची लीग म्हणणार नाही.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींना माझं एकच सांगणं आहे. मेस्सीला जरूर बघा. पण तुमच्या गावात दुसऱ्या-तिसऱ्या फळीतला क्लब असेल, तर त्याचं तिकीट आधी काढा आणि पोरांनाही न्या. गर्दी तिथे वाढली, तरच ते दार उघडेल.