आतून की बाहेरून?

ब्लाइंड्सच्या दुकानातून माप घ्यायला येणाऱ्या माणसाने ‘अकराला येतो’ म्हटलं की घरातल्यांनी निवांत स्वयंपाकाला लागावं. पानं वाढली की बेल वाजते. दारात भाऊ उभे. पट्ट्याला पाच मीटरचा स्टीलचा टेप, कानावर पेन्सिल आणि पहिलं वाक्य : “एखादा कागद मिळेल का?”

नव्या घरात पाऊल टाकणारा कुणीही माणूस फरशीचं तरी कौतुक करतो, निदान बाल्कनीत जाऊन “हवा छान आहे” म्हणतो. भाऊ सरळ खिडकीशी जातात, चौकटीवरून अंगठा फिरवतात आणि विचारतात, “बिल्डर कोण?” नाव कुठलंही सांगा, मान तशीच हलते.

मग रुंदी मोजायची. एकदा वर, एकदा मध्ये, एकदा खाली. साहेबांना वाटतं, गडी नवशिका दिसतो. पण खिडकी काटकोनात असते ही समजूत घर घेणाऱ्याची आणि बिल्डरच्या माहितीपत्रकाची. वर चार फूट दोन सूत, मध्ये चार फूट, खाली त्याहून दोन सूत कमी. ब्लाइंड चौकटीच्या आत बसवायचा तर तिन्हींतलं सगळ्यात लहान माप धरायचं, नाहीतर तो उतरताना अडकतो. शेवटी भाऊ दोन्ही कर्ण मोजतात. सारखे भरले तर चौकट सरळ. ते सारखे भरत नाहीत. “साहेब, खिडकी कललीय,” एवढंच ते म्हणतात. वीस वर्षांचे हप्ते समोर असलेल्या माणसाला असं तोंडावर सांगायला धाडस लागतं.

साहेब बहुधा इंजिनिअर. त्यांनी आदल्या रात्रीच सगळी मापं मिलिमीटरमध्ये घेऊन, एक्सेलमध्ये भरून, त्याची प्रत काढलेली असते. भाऊ ती दोन्ही हातांनी घेतात, उलटी करतात आणि मागच्या कोऱ्या बाजूवर आपली मापं लिहू लागतात. देशाने 1956 साली कायदा करून मीटर-सेंटिमीटर स्वीकारलं, पण तो कायदा खिडकीपर्यंत अजून पोचायचाय. इथे भाव चौरस फुटाचा आणि 1 इंचाला 8 सूत.

हरलेले साहेब मग शेवटचं अस्त्र काढतात. “तुमच्या टेपचा हूक ढिला झालाय. हलतोय.” भाऊ याच वाक्याची वाट पाहत असतात. “तो हललाच पाहिजे, साहेब. भिंतीला टेकवून माप घेतलं की हूक आत जातो, कडेला अडकवून घेतलं की बाहेर येतो. त्याच्या पत्र्याच्या जाडीएवढाच. म्हणून दोन्हीकडे माप बरोबर येतं. हलला नाही तर टेप फेकायचा.” साहेब चहाचं बघायला आत जातात.

खरा प्रश्न यानंतर येतो : “आतून लावायचे की बाहेरून?” आतून लावले तर दिसायला नेटके, पण चौकटीला तेवढी खोली हवी आणि सरकत्या काचेची कडी आड यायला नको. शिवाय कापड ब्रॅकेटपेक्षा अरुंद असल्यामुळे दोन्ही कडांनी उन्हाची पट्टी आत येते. बाहेरून लावायचे तर दोन्ही बाजूंना तीन-चार इंच जास्त धरायचे. अंधार चांगला होतो, पण हौसेने लावलेली ग्रॅनाइटची पट्टी झाकली जाते. ताई आतून म्हणतात, साहेब बाहेरून. आजी म्हणतात, कापडी पडदेच बरे, धुता तरी येतात. भाऊ तिघांनाही “बरोबर आहे” म्हणतात आणि ताई म्हणाल्या तेच लिहितात. घरात कुणाचं चालतं याला त्यांना टेप लागत नाही.

पूर्वेच्या खोलीत गेल्यावर ते सहज विचारतात, “इथे उशिरापर्यंत कोण झोपतं?” सगळे एकाच दिशेला बघतात. चिरंजीव मोबाइलमधून मान वर काढत नाहीत. भाऊ त्या खिडकीपुढे ‘ब्लॅकआउट’ लिहितात.

पंधरा दिवसांत येणारे ब्लाइंड महिन्याने येतात. त्यातला हॉलचा झेब्रा ब्लाइंड चांगला इंचभर अरुंद निघतो. आत बसायला हवी ती सूट भाऊंनी मापातच वजा केलेली असते. पण लिहिलेलं माप चौकटीचं की तयार ब्लाइंडचं, हे चिठ्ठीवर टाकायचं राहिल्यामुळे दुकानाचे शेठजी पुन्हा वजा करतात आणि कारखाना तर करतोच. साहेबांचा आवाज चढतो. भाऊ शांतपणे झेब्रा उचलतात, आजींच्या खोलीत नेतात आणि तिथल्या खिडकीला धरून बघतात. चपखल. “मी म्हटलंच होतं, इथेही एक लागेल. हॉलचा नवा पाठवतो.”

“अहो, पण मला कापडी हवा होता,” आजी म्हणतात.

“धुवायलाच लागत नाही आजी, फडक्याने पुसायचा,” भाऊ म्हणतात आणि बिलात एक खिडकी वाढवतात.