उद्यानगरचे संकल्पराव

आमच्या गावाला दोन नावं आहेत. बातमीत उदयनगर छापतात आणि शेजारी कंसात उंद्री. घाटाखालचं खामगाव आणि घाटावरचं चिखली यांना जोडणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव लागतं. तिथं एसटी थांबली की लोक कंसातूनच चढतात आणि कंसातच उतरतात. नवं नाव घेऊनही जुन्यात सुखानं नांदता येतं, हे गावानं एकदा दाखवून दिलं आणि आमच्या एका गृहस्थांनी ते फारच मनावर घेतलं. त्यांच्यासाठी खरं तर तिसरं नाव हवं होतं. उदयनगर नव्हे, उद्यानगर.

त्यांचं खरं नाव सांगत नाही. असे गृहस्थ गावोगावी असतात आणि उगाच कोणाला वाटायचं की आपलंच लिहिलंय. आपण त्यांना संकल्पराव म्हणू.

वय पन्नाशीच्या आसपास. पाच एकर कोरडवाहू, त्यात सोयाबीन आणि तूर. सदऱ्याच्या खिशात दोन पेनं, निळं संकल्प लिहायला आणि लाल ते खोडायला. निळ्याची शाई आधी संपते, कारण खोडायचंही ते उद्यावरच ठेवतात. चेहऱ्यावर सदैव फाट्यावर उभ्या असलेल्या माणसाचा भाव: गाडी आता येतेच आहे.

साधा आळशी माणूस 'उद्या करू' म्हणतो आणि विसरतो. संकल्परावांचं तसं नाही. त्यांच्या उद्याला पंचांग आहे. पहाटे उठायचं ते सोमवारपासून, हिशेब लिहायचा तो एक तारखेपासून, राग सोडायचा तो पाडव्यापासून. तंबाखू सोडायचा मुहूर्त निघाला की आदल्या रात्री निरोपाची म्हणून एक पुडी जास्त होते. हा निरोप समारंभ इतका रंगतो की पाहुणी जायचं नावच घेत नाही.

आमच्या जिल्ह्यात अक्षय तृतीयेला जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला घटमांडणी होते. शेतात घट आखून अठरा प्रकारची धान्यं मांडतात. मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं ठेवतात, त्यांवर पाण्याची घागर. रात्रभर तिकडे कोणी फिरकत नाही. पहाटे कुठला दाणा हलला, कुठलं ढेकूळ भिजलं ते पाहून पाऊसपाण्याचं भाकीत सांगतात. संकल्परावही त्या रात्री घरगुती घट मांडतात. उशाशी डायरी, गजराचं घड्याळ, पळायचे बूट, एक लिंबू आणि मधाची बाटली. रात्रभर तिकडे कोणी फिरकत नाही. सकाळी आठ वाजता ते उठून पाहणी करतात. बूट जागचे हललेले नसतात, लिंबू थोडं सुकलेलं असतं. मग भाकीत निघतं, "यंदाचं साल साधारणच दिसू राह्यलं."

बदलाची तयारी मात्र ते मन लावून करतात, आणि तयारी म्हणजे खरेदी. २०१८ साली पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत आमच्याच जिल्ह्यातलं, मोताळा तालुक्यातलं सिंदखेड राज्यात दुसऱ्या क्रमांकावर आलं. ८ एप्रिल ते २२ मे असे ४५ दिवस, विदर्भाच्या त्या उन्हात, लोकांनी माती उपसली होती. बक्षिसाची बातमी वाचून संकल्परावांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच दिवशी खामगावला जाऊन त्यांनी टिकाव, फावडं आणि दोन घमेली आणली. फावड्याची त्यांनी हळदकुंकू लावून पूजा केली. त्यांच्या हातात ते फावडं इतकं कोरं राहिलं की दाढी करताना आरशासारखं वापरता आलं असतं.

मग शेगावची पायी वारी निघाली. दर गुरुवारी गजानन महाराजांचं दर्शन आणि वजनही खाली, असा दुहेरी बेत होता. पहिल्या गुरुवारी ते खामगावापर्यंत चालले आणि पुढे जीपनं गेले. शेगावात दर्शन झालं, आणि शेगावात गेल्यावर कचोरी न खाता परत येणं म्हणजे त्या गावाचा अपमान. चार कचोऱ्यांनी गावाचा मान राखून ते एसटीनं परतले. घरी काटा पाहिला तर वजन वाढलेलं. "पायी चालण्यानं भूक लय लागते," असा निष्कर्ष काढून त्यांनी वारी थांबवली, वजनाच्या भल्यासाठी.

एकदा भर दुपारी माझ्या ओसरीवर आले. "गुरुजी, सापडलं! एकवीस दिवस! कोनतीबी गोष्ट एकवीस दिवस केली का सवय लागून जाते. मोबाईलवर पाह्यलं म्या."

मास्तरकी सुटली तरी खोड सुटत नाही. मी म्हणालो, "भाऊ, हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातला. नव्या चेहऱ्याची सवय व्हायला माणसाला कमीत कमी २१ दिवस लागतात, असं त्याच्या पाहण्यात आलं होतं. पुढं लोकांनी 'कमीत कमी' गाळलं आणि चेहराही गाळला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी ९६ माणसं घेऊन अभ्यास केला, तो २००९ साली प्रसिद्ध झाला. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस निघाले. कोणाला १८ पुरले, तर कोणाला २५४ लागतील असा हिशेब आला."

संकल्परावांनी बोटांवर मोजलं. "म्हंजे मृगावर सुरू केलं तं राखीच्या आसपास सवय लागते. आन् मानूस लयच ढिला असला तं शिवरात्रीले. मंग घाई कायची, गुरुजी?"

त्याच अभ्यासात असंही दिसलं होतं की मध्येच एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही. हे मी त्यांना सांगायला नको होतं. ती एका दिवसाची सूट ते तेव्हापासून रोज घेतात.

मागच्या पेरणीआधी त्यांच्याकडे गेलो, तर वहिनी ओसरीवर ओलं गोणपाट उलगडून बसल्या होत्या. घरच्या सोयाबीनची उगवणक्षमता पाहायची ही साधी रीत आहे. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, आठवडाभर ओल टिकवायची, मग मोड आलेले मोजायचे. सत्तर किंवा जास्त उगवले तर बियाणं पेरायला चांगलं. वहिनींचे ७८ भरले.

"यायचे शंभर संकल्प असे गुंडाळून पाहा, गुरुजी," त्या म्हणाल्या. "पोतं सडून जाईन, पन मोड यायचा नाही."

संकल्पराव आतून ओरडले, "मी ऐकू राह्यलो बरं!"

"ऐकूनच तं राह्यले इतकी वर्सं," वहिनी दाणे निवडत म्हणाल्या.

माझंही मत तेच होतं. पण त्या दिवसापासून डोळ्यांना वेगळंच दिसायला लागलं. शेजारच्या घरी सांडपाण्याचा शोषखड्डा खणला होता आणि कडेला ते फावडं पडलेलं, धार पार झिजलेली. वहिनींच्या बचत गटाची बैठक होती. तिथल्या हिशेबाच्या डायरीवर पहिल्या पानाला निळ्या शाईत 'आजपासून नवे जीवन' असं लिहिलेलं आणि दुसऱ्या पानापासून बायकांची बचत, कर्ज, हप्ते. संकल्परावांनी गुडघ्यासाठी म्हणून घेतलेल्या सायकलवर गल्लीतली एक पोरगी शाळेत जात होती. मागायला कोणी आलं की संकल्पराव नाही म्हणत नाहीत. एक तारखेपर्यंत त्यांना स्वतःला काहीच लागत नसतं. संकल्प त्यांनी आणायचा आणि मोड शेजाऱ्याच्या रानात यायचा, असं चाललं होतं.

परवा मला पहाटेची गाडी धरायची होती. पाच वाजता रस्त्यावर आलो तर अंधारात कोणीतरी धापा टाकत पळत आलं आणि पायांत ते बूट! गावातलं पोरगं, पोलीस भरतीच्या तयारीला लागलेलं. मुलांना १६०० मीटर पळावं लागतं आणि त्यात वेळेप्रमाणे गुण असतात. पोरगं पुलाजवळ येऊन थांबलं, तेव्हा कठड्यावरून आवाज आला, "कालच्यापेक्षा चार सेकंद कमी! शाब्बास! आता बसू नको, चालत राय!"

मफलर गुंडाळून, हातात मोबाईलचं घड्याळ धरून संकल्पराव बसले होते.

"भाऊ, तुम्ही? पाच वाजता?"

"काय करता, गुरुजी. पोट्ट्याकडं टाइम लावाले कोनी नाही. गेलो नाही तं दारात येऊन हाका मारते, सारी गल्ली उठवते."

"किती दिवस झाले?"

"कोन मोजलं? दिवाळीपासून असंन."

तेव्हा होळी जवळ आली होती. मी मनातल्या मनात हिशेब केला. ६६ कधीच मागं पडले होते. पोरगं दुसऱ्या फेरीला निघालं, तसे संकल्पराव कठड्यावरून उतरले आणि त्याच्या मागं थोडं लगबगीनं चालू लागले, तो दिसेनासा होऊ नये म्हणून. पुढच्या वळणापर्यंत जाऊन परत आले. तोंडात पुडीही नव्हती. 'पळ' म्हणून ओरडायला तोंड मोकळं लागतं.

पहाटे उठणं, चालणं, तंबाखू. निळ्या पेनाच्या तीन जुन्या ओळी माझ्यासमोर धापा टाकत उभ्या होत्या आणि त्यांच्या मालकाला पत्ता नव्हता. सांगावं असं फार वाटलं. ओठांपर्यंत आलंही होतं. तेवढ्यात गाडी आली आणि मी न बोलता चढलो.

बरंच झालं. सांगितलं असतं, तर त्यांनी लगेच खिशातलं पेन काढून म्हटलं असतं, "हाव का, गुरुजी? मंग उद्यापासून पक्कंच करू!"