मुका चुगलखोर

जावास्क्रिप्टवाल्यांचा खरा डीबगर म्हणजे कन्सोल.लॉग. जागोजागी ‘इथे आलो’, ‘इथेही आलो’ लिहायचं आणि चूक सापडली की पुसायला विसरायचं. मग आमची ही वारी थेट ग्राहकाच्या ब्राउझरात पोचते. यावर ‘डीबग’ नावाचं चिमुकलं पॅकेज आहे. त्याच नावाची सेटिंग दिल्याशिवाय ते तोंड उघडत नाही. उघडलं की प्रत्येक विभागाला वेगळा रंग, वर दोन ओळींमध्ये किती मिलिसेकंद गेले त्याचा हिशेब. (आमच्या मीटिंगांना ते जोडता येत नाही, हे बरंच.) सप्टेंबर २०२५मध्ये या पॅकेजची देखभाल करणारा बनावट ईमेलला फसला आणि ४.४.२ आवृत्तीत क्रिप्टो पळवणारा कोड शिरला. त्यानं मात्र कुठेही ‘इथे आलो’ लिहिलं नव्हतं.