भाऊसाहेब पार्टी उघडतात

घाऊक बाजारातल्या कुठल्याही जुन्या दुकानात शिरा. पुढे गल्ल्यावर शेठ. मध्ये हमाल, खोकी आणि बिलासाठी ताटकळलेलं गिऱ्हाईक. सगळ्यात मागे, पोटमाळ्याच्या जिन्याखाली, उभं राहिलं तर डोकं आपटेल अशा जागी, संगणकासमोर भाऊसाहेब बसलेले असतात. त्यांना खरं नाव असतं, पण ते पगाराच्या रजिस्टरपुरतं. पुण्याच्या बोहरी आळीत कडीकोयंड्यांच्या दुकानात ते आहेत, सांगलीत हळदीच्या पेढीवर आहेत. दुकान बदललं तरी चष्मा कपाळावर आणि कॅल्क्युलेटर डाव्या हाताला, यात फरक पडत नाही.

बाजारात समज असा की गिऱ्हाईक शेठ जोडतात. चहा शेठ पाजतात, भाव शेठ तोडतात, 'दुकान तुमचंच आहे' असं शेठच म्हणतात. पण भाऊसाहेबांनी टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, पार्टी उघडली नाही, तोवर समोरचा माणूस गिऱ्हाईक नसतो. तो पावसामुळे आत आलेला पादचारी असतो.

आमच्या शेजारच्या दुकानात हा कार्यक्रम मी वरचेवर बघतो. सेल्समन नगर लाईन करून परत येतो आणि मोठ्या झोकात एक व्हिजिटिंग कार्ड टेबलावर ठेवतो.

"भाऊसाहेब, नवी पार्टी. पाटीलशेठ. लई मोठा माणूस."

"किती मोठा ते वसुलीला कळेल. नाव सांग."

"पाटील."

"अरे बाबा, पाटील हे नाव झालं का? ती गर्दी आहे. दुकानाचं नाव?"

"श्री गणेश हार्डवेअर."

इथे चष्मा कपाळावरून नाकावर येतो. यादीत श्री गणेश आधीच अकरा आहेत. शिवाय न्यू श्री गणेश दोन, आणि भावकीत वाटण्या झाल्यावर निघालेलं ओरिजिनल श्री गणेश एक.

"श्रीच्या शेवटी आय की डबल ई? गणेशच्या शेवटी एच आहे का नुसताच एस?"

"कार्डावर आहे ना सगळं."

"कार्डावर डबल ई आहे. तू आणलेल्या ऑर्डरवरच्या शिक्क्यात आय आहे. आणि चेकवर नुसतं गणेश हार्डवेअर. श्री बँकेने कापून घेतला."

मेसर्स लावून नाव भरायला या टेबलावर सक्त बंदी आहे. आधीच्या हिशेबनिसाने सगळ्यांना आदराने मेसर्स लावलं होतं. यादी अक्षरवार लावल्यावर अख्खा महाराष्ट्र एम या अक्षराखाली उभा राहिला. भाऊसाहेबांनी एकेक मेसर्स खरवडून काढलं. "मान बोलताना द्यावा," असं ते म्हणतात, "लेजरला नुसतं नाव लागतं."

नावानंतर येतो जीएसटी नंबर. भाऊसाहेबांचा माणसावर विश्वास नाही, पंधरा अक्षरांवर आहे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा बाजारात सगळे कपाळाला हात लावून बसले होते. एकटे भाऊसाहेब मनातून खूश होते. आता प्रत्येक पार्टीला असा नंबर मिळणार होता, जो दुसऱ्या कुणाचा असू शकत नाही. अकरा श्री गणेश एका फटक्यात वेगळे झाले.

आपण हातावरच्या रेषा जितक्या गंभीरपणे कुणाला दाखवतो, तितक्या गंभीरपणे ते हा नंबर वाचतात. पहिले दोन आकडे राज्याचे. सत्तावीस म्हणजे महाराष्ट्र, तीस गोवा, एकोणतीस कर्नाटक. भाऊसाहेबांचा भूगोल आता याच आकड्यांत चालतो. "तीसचा टेम्पो भरला का?" असं ते हमालाला विचारतात आणि हमालही निमूटपणे गोव्याचा टेम्पो भरतो. कागल आणि निपाणी यांच्यात अर्ध्या तासाचा रस्ता, भाषा एक, पाहुणेरावळे एक. पण कागल सत्तावीस आणि निपाणी एकोणतीस. "बोलायला आपले, कराला परराज्यातले," असं म्हणत भाऊसाहेब निपाणीच्या बिलाला आयजीएसटी लावतात.

पुढची दहा अक्षरं पॅनची. त्यातलं चौथं अक्षर पी असेल तर एकटा माणूस, एफ असेल तर भागीदारी, सी असेल तर कंपनी, एच असेल तर एकत्र कुटुंब. माणूस एकटा असेल तर पाचवं अक्षर आडनावाचं. भाऊसाहेबांचं बोट इथे थांबतं.

"हा पाटील नाही."

"अहो, मी त्यांच्या घरी जेवलोय!"

"जेवला असशील. पण पाचवं अक्षर जे आहे."

फोन लावला जातो. पलीकडून उलगडा होतो की गावात सगळे पाटील म्हणतात, कागदोपत्री आडनाव जगताप. सेल्समन गप्प. भाऊसाहेब मात्र अजून नंबरातून बाहेर आलेले नसतात. "तेरावा आकडा दोन आहे. म्हणजे याच पॅनवर याच राज्यात आणखी एक नोंदणी आहे. पहिलं दुकान कशाचं?" हे सेल्समनला ठाऊक नसतं, शेठना ठाऊक नसतं. जगतापांच्या घरी तरी सगळ्यांना ठाऊक असेल का, अशी शंका येते.

एवढी चिकित्सा कशाला, असं शेठही कधी कधी वैतागून म्हणतात. त्याचं उत्तर महिन्याच्या अकरा तारखेला मिळतं. जीएसटीआर-वन, म्हणजे विक्रीचं विवरणपत्र, भरायची ती शेवटची तारीख. याच्या खात्यात चुकून दुसऱ्याचा नंबर भरला गेला, तर याचं बिल त्याच्या नावावर जाऊन पडतं आणि चौदा तारखेनंतर फोन सुरू होतात. "तुमच्या बिलाचं क्रेडिट आमच्याकडे दिसत नाही हो." क्रेडिट दिसत नाही म्हणून पेमेंट थांबतं. तेव्हा शेठ भाऊसाहेबांसाठी बिनसाखरेचा चहा स्वतः मागवतात.

भाऊसाहेबांचा जन्माचा वैरी म्हणजे ऑल्ट-सी. बिल फाडता फाडता हे बटण दाबलं की तिथल्या तिथे नवी पार्टी उघडते. काउंटरवरच्या पोराला हे कुणीतरी शिकवलं. गर्दीच्या वेळी यादीत नाव शोधत बसण्यापेक्षा तो नवीनच उघडून मोकळा होतो. मग एकाच माणसाची दोन खाती तयार होतात. बिलं एकात चढतात, पैसे दुसऱ्यात जमा होतात. पहिल्या खात्यात तो बुडवा दिसतो, दुसऱ्यात दुकानच त्याचं देणं लागतं. वसुलीला गेलेला माणूस पार्टीच्या चार शिव्या खाऊन परत येतो. भाऊसाहेब दोन्ही खाती समोरासमोर उघडतात, एकातले व्यवहार दुसऱ्यात फिरवतात आणि काउंटरकडे बघून एवढंच म्हणतात, "कुंभमेळ्यात हरवलेले भाऊ सापडले बरं का."

पत्त्याच्या बाबतीत महाराष्ट्र त्यांना फार छळतो. इथे पत्ता लिहीत नाहीत, सांगतात. 'एसटी स्टँडसमोर, जुन्या टाकीमागे, कुणालाही विचारा.' टाकी पाडलेली असते, स्टँड गावाबाहेर गेलेलं असतं आणि 'कुणालाही विचारा' हे कुठल्या रकान्यात भरायचं, याची सोय सॉफ्टवेअरमध्ये नाही. त्यामुळे भाऊसाहेबांची सगळी भिस्त पिनकोडवर. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, तो श्रीराम भिकाजी वेलणकरांमुळे. पोस्ट खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतात काव्य-नाटकं लिहिणारा माणूस. "कवी होते," भाऊसाहेब हात जोडून म्हणतात, "पण बघा, सहा आकड्यांत एक शब्द जास्तीचा नाही."

मालवाहतुकीच्या ई-वे बिलावर अंतर पिनकोडवरूनच धरलं जातं आणि दोनशे किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने मुदत मिळते. घाईत कुणी कोल्हापूरकडचा ४१६ उलटापालटा करून ४६१ टाकला, की पोर्टल अडून बसतं: राज्य महाराष्ट्र आणि पिन मध्य प्रदेशचा, हे कसं? टेम्पो भरून उभा, ड्रायव्हर तंबाखू मळतोय, शेठ ओरडतायत. अशा वेळी दुकानात एकटे भाऊसाहेब शांत असतात, कारण तो पिन त्यांनी टाकलेला नसतो. अहमदनगरचं अहिल्यानगर झालं तेव्हा बाजारात दोन दिवस चर्चा रंगली. भाऊसाहेबांनी ४१४ वर बोट ठेवलं. "हा बदलला का? नाही ना? मग माल पोचतो." आणि संध्याकाळी उशिरापर्यंत थांबून नगर लाईनच्या एकेका पार्टीचं गाव बदललं.

इतक्या कडक माणसाचं शेठपुढे मात्र चालत नाही. शेठना कुणाचंच छापील नाव आठवत नाही. त्यांच्या डोक्यात सावंत मोठे, सावंत धाकटे आणि सावंत भांडके आहेत. म्हणून भाऊसाहेबांनी टोपणनावाच्या रकान्यात दुकानातली नावं भरून ठेवली आहेत. खरं नाव सरकारसाठी, टोपणनाव शेठसाठी. ही सोय बिलावर छापली जात नाही, म्हणूनच ती सोय आहे.

एका दिवाळीत भाऊसाहेब रजेवर गेले आणि बदली आलेल्या पोराने एका पार्टीचं नवं खातं उघडताना मूळ नावातच 'उधार देऊ नये' असं जोडलं. खात्याचं नाव भरलं की तेच नाव बिलावर छापायच्या रकान्यात आपोआप उतरतं, हे त्याला माहीत नव्हतं. बिल छापलं गेलं. वर ठळक अक्षरांत नाव, पुढे उधार देऊ नये, खाली पत्ता. पार्टी ते बिल घेऊन समक्ष दुकानात हजर झाली. शेठना घाम फुटला. पार्टीने एक शब्द न बोलता सगळी बाकी चुकती केली आणि जाताना म्हणाली, "आता तरी नाव बदला." रजेवरून आल्यावर भाऊसाहेबांनी नाव बदललं, पण चेक वटल्यावर.

टॅलीत ज्याच्या नावावर एक जरी व्यवहार आहे, ते खातं पुसता येत नाही. मालक वारला, की त्याच्या पॅनवरचा नंबर संपतो. मुलगा नवा नंबर काढतो, भाऊसाहेब नवं खातं उघडतात. जुन्याचं काय करायचं? त्याच्या नावाआधी दोन झेड लावायचे, म्हणजे ते यादीच्या तळाला जातं आणि चुकून कुणी त्यावर बिल फाडत नाही. कुठल्या गावाहून वाईट बातमी आली की शेठ हळहळतात, सेल्समन आठवणी काढतो. भाऊसाहेबही हळहळतात आणि खालच्या आवाजात विचारतात, "झेड लावू ना?"

अलीकडे शेठचा मुलगा एमबीए होऊन दुकानात बसायला लागला. त्याने ग्राहकसंबंधांचं नवं सॉफ्टवेअर आणलं. त्यात पार्टी नसते, 'लीड' असते. ती 'हॉट', 'वॉर्म' किंवा 'कोल्ड' असते. वाढदिवसाचा रकाना, लग्नाच्या वाढदिवसाचा रकाना.

"काका, या फील्डमध्ये कस्टमर आपल्याकडे कसा आला ते टाकायचं."

भाऊसाहेबांनी दिवसभर बसून रकाना भरला. मुलाने संध्याकाळी रिपोर्ट काढला तर बहुतेक ठिकाणी एकच मजकूर होता: 'दुसरीकडे उधारी बंद झाली म्हणून.'

त्यांचा नव्याला विरोध नाही. टॅलीचा इतिहास ते अभिमानाने सांगतात. बंगळूरच्या श्यामसुंदर गोएंकांना धंद्याच्या हिशेबासाठी मनासारखं काही मिळेना, तेव्हा त्यांच्या मुलाने, भरत गोएंकांनी, ते लिहून दिलं. १९८६ साली त्याचीच कंपनी झाली. "त्या मुलानं बापासाठी सॉफ्टवेअर लिहिलं," असं सांगून भाऊसाहेब थोडं थांबतात. "आपल्या मुलानं विकत आणलं. तेही उधारीवर."

गेल्या वर्षी शेठच्या मुलीचं लग्न ठरलं आणि आमंत्रणाच्या याद्या निघाल्या. मुलाने वाढदिवसाच्या रकान्यातून यादी काढली. त्यात शंभरेक लोकांचा जन्म १ जानेवारीचा निघाला आणि पत्ता कुणाचाच नव्हता. शेवटी काम जिन्याखाली आलं. भाऊसाहेबांनी टॅलीतून लाईनवार पत्त्यांच्या चिकटपट्ट्या छापल्या आणि वर बाकीच्या मुदतीचा तक्ता जोडला. शेठ म्हणाले, "नव्वद दिवसांच्या वरचे वगळा. कशाला बोलवायचं त्यांना?"

"शेठ, त्यांना तर पहिली पत्रिका," भाऊसाहेब म्हणाले. "फोन उचलत नाहीत, पण लग्नाला येतात."

लग्नाच्या दिवशी आहेराची वही कुणाकडे द्यायची, हा प्रश्न नव्हताच. मांडवाच्या तोंडाशी टेबल, त्यावर वही, मागे भाऊसाहेब. लग्न असो की दुकान, त्यांची पद्धत तीच. पाकीट घेण्याआधी पूर्ण नाव, गाव, आणि "मोबाईल तोच ना, शेवटी सत्तर?" रांग पार गाड्या लावलेल्या मैदानापर्यंत गेली. तिकडे मंगलाष्टकं संपली, तरी इकडे भाऊसाहेब एका आजोबांना श्रीच्या शेवटी आय की डबल ई ते विचारत होते. तेवढ्यात नगर लाईनचे जगताप ऊर्फ पाटील पुढे आले. अंगात नवा कुर्ता, डोक्याला फेटा, हातात जाडजूड पाकीट.

भाऊसाहेबांनी पाकीट हातात घेऊन अंदाज घेतला, चष्मा नाकावर आणला आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा प्रेमळ आवाजात विचारलं,

"पाटीलशेठ, आहेरात धरू, की खात्यात जमा करू?"