काय म्हणता, शेत पाहायला तिकीट?

ऐकलंत की नाही? नसेल ऐकलं तर आधी दार लोटून घ्या. भंडाऱ्यातली, म्हणजे ऐन धानाच्या मुलखातली, चांगली शिकलीसवरली माणसं मे महिन्यातल्या रविवारी मुलाबाळांना गाडीत कोंबतात, गावाबाहेर जातात आणि रीतसर तिकीट काढून शेत पाहतात! गाय पाहतात! बकरीला पाला खाऊ घालतात! परत आल्यावर एकमेकांना विचारतात, ‘तुमच्या पिंट्यानं शेणाला हात लावला का?’ लावला असला तर त्याचा फोटो दिवेलागणीच्या आत सगळ्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर.

लंडनच्या केंटिश टाउनमध्ये १९७२ साली शहरातल्या लोकांसाठी असंच शेत उघडलं होतं. ते एकवेळ समजू शकतं. तिथल्या पोरानं गाय पाहायची तरी कुठं? पण आपल्याकडं? शनिवारी महामार्गावर रवंथ करत बसलेली गाय हटेना म्हणून ज्या बापानं हॉर्न वाजवून वाजवून आकाशपाताळ एक केलं, तोच बाप रविवारी पैसे मोजून दुसऱ्या गाईच्या गळ्यात हात टाकून उभा! शेजारच्या वहिनींनी ही बातमी आपल्या सासऱ्यांना सांगितली. ते लाखांदूरकडचे. अडकित्त्यातली सुपारी तशीच राहिली. म्हणाले, “मी तं जल्मभर फुकटातच पायलो नं वं बाई!”

बरं, मुहूर्त तरी बघा. पुण्या-मुंबईच्या माणसांना शेतावर पाहुणे म्हणून न्यायचा हा प्रकार बारामतीच्या बाजूला पांडुरंग तावरे यांनी वीसेक वर्षांपूर्वी रुजवला. त्यांच्याच पुढाकारानं जागतिक कृषी पर्यटन दिनही ठरला, तो १६ मे. असेल बापडा तिकडं सोयीचा. आपल्याकडं १६ मे म्हणजे काय? पारा पंचेचाळिशीच्या आसपास, खिशात कांदा, डोक्याला दुपट्टा आणि दुपारी कूलरसमोरची जागा सोडणारा माणूस घरच्यांच्या लेखी वेडा. पुढं नवतपा आहेच. अशा उन्हात ही मंडळी कुटुंबकबिल्यासह शेतात!

आणि शेतात करतात काय? रोवणी! होय, भर मे महिन्यात रोवणी. टँकरनं पाणी आणून चार हात बांधीत चिखल केलेला. त्यात पोरं आठ-दहा रोपं खोचतात, आया धुऱ्यावरून ओरडतात, “बेटा, इकडं बघ, हास!” मग चिखल धुवायला रेन डान्स. पलीकडच्या धुऱ्यावर मात्र खराखुरा उन्हाळी धान कापणीला आलेला असतो. त्याचा मालक आभाळ भरून आलं की कासावीस होतो, आणि इकडं नळीतला पाऊस तासाच्या हिशेबानं चालू. जिल्ह्यात कोहळी लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी बांधलेले मामा तलाव गाळानं भरत चाललेत, त्यांच्याकडं बघायला कोणाला फुरसत नाही. पण टाइल्स लावलेल्या हौदाभोवती रांग!

खरा कहर तर पुढंच आहे. आपल्या जिल्ह्यातलं हे ‘अस्सल गाव’ आहे कुठलं? भिंतीवर वारली चित्रं, म्हणजे पालघरकडची. दारातल्या पुतळ्याच्या डोक्याला कोल्हापुरी फेटा. पाटीवर ‘पारंपरिक जेवण : पिठलं-भाकरी’. अहो, दोन्ही वेळा भात खाणारा जिल्हा हा! इथल्या आजीची परंपरा भात, वरण, वांग्याची भाजी आणि तलावाचे मासे. थंडीत तर ‘हुरडा पार्टी’ होते म्हणे, आणि ज्वारी येते बाहेरून. भंडाऱ्याचं पोरगं भंडाऱ्यातच तिकीट काढून पुण्याच्या माणसाच्या मनातलं खेडं बघून येतं आणि शाळेत निबंध लिहितं, ‘माझे गाव’.

आपला उन्हाळा दाखवायचा म्हटलं तर काय कमी आहे? पहाटे मोहाखाली पडलेली फुलं वेचायची. टेंभरं, चारं खायची. मेमध्ये कोका, नागझिऱ्याच्या बाजूच्या गावांत घराघरांत तेंदूपत्त्याचे पुडे बांधणं चालतं. सत्तर पानांचा एक पुडा, आणि त्यात पोरांचेही हात चालतात. हा खेळ कोणी तिकिटावर ठेवला नाही, कारण इथं वाघ खरा असतो आणि पाठ खरोखर दुखते. वहिनींचं म्हणणं असं, की सहलीला लागतं ते शेत कसं हवं? कामाशिवायचं! आजोबांच्या गावी नेलं तर ते पोराच्या हातात विळा देतील, बापाला सातबाऱ्याचं विचारतील आणि आईला वाळवणाला बसवतील. त्यापेक्षा पैसे मोजलेले परवडले.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं बेकायदा असेल. छे! सरकारी शिक्का आहे. २०२० साली राज्यानं कृषी पर्यटनाचं धोरणच आणलं. किमान एक एकर शेती हवी, शाळेच्या सहली आणायच्या तर पाच एकर. म्हणजे गाय दाखवणं हा अधिकृत जोडधंदा झाला. या धंद्यात पडलेल्या एका शेतकऱ्याला आमच्या कॉलनीतल्या एका आगाऊ काकांनी टोमणा मारला, “का हो, आता शेती सोडून तमाशा मांडला का?” तो काही चिडला नाही. त्यानं सरळ हिशेब मांडला.

२०२५-२६ च्या हंगामाला साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये. चौघांचं एक कुटुंब तिकीट, जेवण आणि बंडीतली एक फेरी धरून जेवढं देऊन जातं, तेवढ्यासाठी त्याला अर्धा क्विंटल धान पिकवावा लागतो. अर्धा क्विंटल म्हणजे नांगरणी, परे, रोवणीची मजुरी, निंदण, तुडतुड्याची फवारणी, रानडुकरांसाठी रात्रीची जागल, मग खरेदी केंद्रावर बारदान्याची वाट, काटा, आणि शेवटी पैसे कधी येतील याची वाट. पाहुण्यांचे पैसे मात्र फाटकातून आत येण्याआधी मोबाइलवर वाजतात. शिवाय गेल्यावर ते म्हणतात, ‘फारच छान!’ खरेदी केंद्रावर त्याला आजवर कोणी छान म्हटलेलं नव्हतं.

काका गप्प. कॉलनी गप्प. इतके दिवस आपण ज्याला थेर म्हणत होतो, त्यातली खरी लाज वाटण्याजोगी गोष्ट ही निघाली, की धान पिकवून जो हिशेब जुळत नव्हता तो धान दाखवून जुळला. पोरांचे चिखलातले फोटो बिचारे निरागस.

तरी ही गोष्ट आपल्यातच ठेवा. मुंबईपर्यंत गेली तर शेत दाखवण्याचाही हमीभाव जाहीर होईल, त्यावर बोनसची घोषणा होईल, आणि पोरानं या मेमध्ये पाहिलेल्या गाईचे पैसे त्या बिचाऱ्याला पुढच्या दिवाळीनंतर मिळतील.